एल्स्पाचे दगड

एल्स्पाला दगड निवडायला सबंध सप्टेंबर लागायचा. घराखालच्या किनाऱ्यावर दगडांना काय तोटा, पण तिला हवा असायचा तो एकच. चपटा हवा, खालून बसका हवा, म्हणजे दुसऱ्या दगडावर ठेवला की डुगडुगणार नाही. फार जड नको, कारण तो पाठीवर बांधून तिचा नवरा हानुस दोराने कडा चढणार. फार हलका नको, कारण वरचा वारा कोकरालासुद्धा उचलून नेतो. कमरेत वाकून ती दगड उलटेपालटे करत बसायची. रस्त्याने जाणाऱ्या बायका वरून ओरडायच्या, "काय गं एल्स्पा, बटाटे काढतेस की लावतेस?"

"तुमच्या नवऱ्यांची डोकी शोधतेय," ती मान वर न करता म्हणायची. "एकही सापडेना."

दगड जायचा दिमुनवर. लिट्ला दिमुन हे त्या बेटाचं पूर्ण नाव, पण सूरोय बेटाच्या उत्तर टोकाच्या या गावात दिमुन एवढंच म्हणतात. खाडीच्या तोंडाशी, खवळत्या पाण्यापलीकडे उभा असलेला तो एक डोंगर, दुसरं काही नाही. तिथे माणूस राहत नाही. चहूबाजूंनी कडे, वर उतरतं गवत, गवतावर गावाच्या मेंढ्या आणि कड्यांत पक्षी. ऑक्टोबरात वारा पडला की बेटाचे गावातले हिस्सेदार होड्या घालून जातात, दोराने वर चढतात, रांग धरून मेंढ्या हाकतात, पाय बांधून जाळ्यांतून खाली होडीत सोडतात आणि संध्याकाळी परततात. मग वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही.

आणि माथ्यावर ढग. बाकी आभाळ निळंशार असताना त्या एका डोंगरावर ढग येऊन बसतो. गुळगुळीत, गोल, उपड्या ताटलीसारखा. त्याच्या कडा कड्यांवरून खाली ओघळतात, दूध उतू जावं तशा. वारा सुसाटलेला असतो तरी तो जागचा हलत नाही. गाव म्हणतं, "दिमुनने टोपी घातली." टोपी घातली की धुणं बाहेर टाकायचं नाही आणि होडी काढायची नाही, एवढाच गावाचा तिच्याशी संबंध.

एल्स्पाचा संबंध वेगळा होता. तिचे वडील दान्याल त्या टोपीखाली गेले होते.

ते साल अठ्ठावन्न. एल्स्पा तेव्हा दहा वर्षांची होती. दान्याल हा दोराचा पहिला माणूस. म्हणजे जो दोर नसताना, लोकरीच्या जाड मोज्यांत, कडा चढतो आणि वर जाऊन इतरांसाठी दोर सोडतो तो. त्या दिवशी सकाळ अशी लख्ख होती की दिमुनवरची एकेक मेंढी घरातून मोजता आली असती. दुपारी टोपी आली. बायका धक्क्यावर कॉफीच्या किटल्या घेऊन उभ्या राहिल्या. होड्या आल्या त्या मेंढ्यांनी खच्चून भरलेल्या. एल्स्पाची आई पुढे झाली आणि एकेका होडीतली डोकी पाहू लागली. मग सगळ्यांत म्हातारा हिस्सेदार टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला.

"दान्याल एका मेंढीमागे गेला. वरून ढग उतरला. तो कड्यावरून गेला, बाई. अंधार पडेपर्यंत शोधलं. हाका मारून घसे फुटले."

"उत्तर नाही आलं?"

"नाही."

प्रेत मिळालं नाही. गावाच्या ख्रिस्ती देवळात एक लाकडी फळी आहे, समुद्रात आणि कड्यांवर गेलेल्यांच्या नावांची. तिच्यावर दान्यालचं नाव कोरलं, आणि नावाखाली: 'दिमुन. शोध घेऊनही हाती लागले नाहीत.' एल्स्पा अक्षर ओळखत होती. प्रवचन चालू असताना ती तेवढीच ओळ वाचत बसायची. कबर नव्हती, म्हणून आई फुलं ठेवायची ती त्या फळीखाली, जमिनीवर. झाडूवाली सोमवारी ती उचलून टाकायची.

एल्स्पा कड्यांवर वाढली. घरामागच्या कपारींतून पक्ष्यांची अंडी काढायला ती कुठल्याही पोरापेक्षा सरस होती. वडिलांचा दिमुनमधला हिस्सा तिच्या नावावर झाला, तेव्हा वीस वर्षांची होऊन ती हिस्सेदारांपुढे गेली आणि म्हणाली, "मी येते दोराला."

माणसं हसली. मिच्याल नावाचा एक हिस्सेदार होता, दान्यालबरोबर त्या दिवशी बेटावर असलेला, तेव्हाचा तरुण. तो म्हणाला, "पोरी, हिस्सा तुझा. पाय मात्र एखाद्या पुरुषाचे आण."

तिने हानुसचे पाय आणले. हानुस शांत, गोरटेला, देवळात बेसूर गाणारा आणि गातोय याची लाज नसलेला माणूस. लग्नानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात तिने त्याच्या हातात दगड ठेवला.

"बाबा जिथून पडले तिथे ठेव. मिच्यालकाकांना जागा माहीत आहे. दरवर्षी एक देईन. रास होईल. कबर नाही तर नाही, रास तरी होऊ दे."

"वर दगड आहेत की गं," हानुस म्हणाला.

"ते दिमुनचे. हा आपल्या दारातला."

हानुस दगड कोटाच्या आत सरकवून निघाला.

संध्याकाळी तो परतला तेव्हा ती मोठ्या पातेल्यात मेंढीच्या रक्ताच्या वड्यांचं सारण ढवळत होती.

"ठेवलास?"

"ठेवला."

"कसा बसला?"

"घट्ट बसला."

हे असं चाळीस वर्षं. किती उंच झाली रास? गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत. एका वर्षी हानुसने सांगितलं की वाऱ्याने वरचे दोन पाडले होते, परत लावले. एका वर्षी म्हणाला, एक मेंढी राशीच्या आडोशाला व्यायली असावी, खाली लोकर अडकली होती. त्या हिवाळ्यात एल्स्पा हे दहा जणींना सांगत सुटली. आई तोवर अंथरुणाला खिळली होती. तिलाही सांगितलं. आई म्हणाली, "आडोसा झाला ना कुणाला, बरं झालं," आणि थोड्याच दिवसांनी गेली.

मग परदेशी लोक यायला लागले. कॅमेरे घेऊन, ढगासाठी. आगबोटीच्या भिंतीवर टोपीतल्या दिमुनचं चित्र लागलं, दुकानात कॅलेंडर आलं. एल्स्पाच्या अंगणातून दिमुन सरळ दिसतो, म्हणून ते तिचं दार वाजवायचे. ती त्यांना उभं राहू द्यायची, कॉफीही द्यायची. एका बाईने छातीवर हात ठेवून 'किती सुंदर' म्हटलं, तेव्हा तिने त्या बाईच्या हातातली कपबशी काढून घेतली. बाई रिकाम्या हातांनी बघत राहिली.

दोन हजार दहाच्या फेब्रुवारीत हानुस गेला. गवत भरलेल्या कोठीत मेंढ्यांना चारा टाकताना खाली बसला, तो उठलाच नाही. एल्स्पा बासष्टची होती. रडून झाल्यावर, उन्हाळ्यात, ती हिस्सेदारांकडे गेली.

"या वर्षी मी येणार."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. शेजारच्या गावातल्या दोन मुली दोराला जाऊन आल्या होत्या. कड्यावर कायमचा दोर ठोकला होता. तरी खोलीत शांतता पसरली, आणि ती नुसती बाईमाणसाला बिचकल्याची शांतता नव्हती. एल्स्पाला ते नंतर उमगलं. त्या वेळी तिला वाटलं, वयाचं मनात आलं असेल.

"गुडघे कसे आहेत?" मिच्यालने विचारलं. तो चौऱ्याहत्तरचा झाला होता आणि अजून वर चढत होता. अठ्ठावन्न साली बेटावर होते त्यांच्यातला तो एकटाच उरला होता.

"तुमच्यापेक्षा बरे."

"मग हिवाळ्यात गुडघे दुखतील तेव्हा शिव्या दे, पोरी, आत्ता नको. ये."

तिच्या बहिणीची मुलगी रान्वा, शाळेत शिकवणारी, तिला धक्क्यापर्यंत सोडायला आली. "मावशी, मोबाइल घेतलास? हळू चढ. आणि तो दगड कशाला? वर नाहीत का?"

"तुझ्या हानुसकाकांसारखंच बोललीस," एल्स्पा म्हणाली आणि पिशवी पाठीवर टाकली. एक्केचाळिसावा दगड.

होडी अर्ध्या वाटेवर आली, तसा सुकाणूवरच्या माणसाने इंजिन हळू केलं. काही कारण नव्हतं, पाणी शांत होतं. सगळ्यांची नजर तिच्या पिशवीकडे गेली आणि तितक्याच झटक्यात दुसरीकडे वळली. इंजिन पुन्हा जोरात सुरू झालं. एल्स्पाला वाटलं, बाबांच्या नावाने थांबले असतील. तिला भरून आलं.

ती चढली. जाड मोज्यांत, दोराला जेवढा हात लावावा लागतो तेवढाच लावून. खालून कुणीतरी शीळ घातली, चेष्टेची नव्हती. वर पोहोचली तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती घराकडे बेटावरून पाहत होती. तिचं घर खसखशीएवढं दिसत होतं.

सकाळभर मेंढ्या हाकल्या. दुपारी जाळी खाली सोडणं सुरू झालं, तेव्हा वरच्या माणसांना थोडी उसंत मिळाली. ती एकटी माथ्याकडे निघाली. हानुसने सांगितलेली जागा तिला तोंडपाठ होती: गवत संपतं तिथे, पश्चिमेच्या कड्याअलीकडे, छातीएवढी रास, लांबून दिसते.

लांबून काही दिसलं नाही. जवळूनही नाही. ती कडेकडेने चालली, परत फिरली, थोडं खाली उतरून पाहिलं. दगड होते, विखुरलेले, शेवाळलेले, दिमुनचे. तिच्या किनाऱ्यावरचा एकही नव्हता. चाळीस दगड तिने हातांत खेळवले होते. त्यांतला एक जरी असता तरी तिने अंधारात ओळखला असता.

तेवढ्यात ढग उतरला. ज्याला गाव टोपी म्हणतं आणि ज्यासाठी माणसं विमानाने येतात, तो आतून नुसता ओला पांढरा चिखल होता हवेचा. तिला स्वतःची पावलं दिसेनात. ती जिथे होती तिथेच खाली बसली.

हाका आल्या. तिने ओ दिली. बऱ्याच वेळाने मिच्याल धुक्यातून चाचपडत आला आणि धापा टाकत तिच्या शेजारी टेकला.

"उठायचं नाही आता. हा जाईपर्यंत बसून राहायचं."

"मिच्यालकाका, रास कुठाय?"

"कसली?"

"तुम्हाला ठाऊक आहे कसली."

त्याने नाक पुसलं. "हानुसने पहिल्या वर्षी आणला होता गं. दोरावर अर्ध्यात कोटातून निसटला. माझ्या कानाजवळून गेला खाली. खालच्याचं डोकंच फुटायचं. मग आम्हीच म्हटलं त्याला, बाबा रे, दगडांच्या डोंगरावर दगड नेतोस होय? टाक पाण्यात. पुढच्या वर्षापासून अर्ध्या वाटेवर टाकायचा. आम्ही इंजिन हळू करायचो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. टोपी काढायचा टाकताना. चेष्टा नव्हती."

"आणि मला सांगायचा, रास छातीपर्यंत आली."

"तुला तेच ऐकायचं होतं."

"सगळ्यांना माहीत होतं?"

मिच्यालने पुन्हा नाक पुसलं. म्हणजे सगळ्यांना. ज्या दहा जणींना तिने व्यालेल्या मेंढीची गोष्ट सांगितली होती, त्यांनाही.

एल्स्पाने पिशवीतून दगड काढून गवतावर ठेवला. मग म्हणाली, "बरं. बाबा कुठून पडले ती जागा तरी दाखवा. धुकं गेलं की दाखवा. आज मी ठेवते."

"जागा नाही पोरी."

"नाही म्हणजे?"

कुणाचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. म्हणूनच बहुधा तो बोलला. "पडताना त्याला कुणी पाहिलंच नाही. तो रांगेच्या टोकाला होता, ढग आला, रांग तुटली. आम्ही खाली आलो, तो आला नाही. लाटा वाढत होत्या. मेंढ्या होडीत भरून झाल्या होत्या. म्हातारा म्हणाला, आणखी थांबलो तर होड्या आपटतील, सगळेच जाऊ. हाका मारल्या."

"उत्तर आलं नाही."

"एकदा आलं. मला वाटलं, आलं. पश्चिमेकडून. म्हातारा म्हणाला, पक्षी आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बावीसचा होतो. मी म्हटलं, हो, पक्षीच असेल."

"मग?"

"मग निघालो. दुसऱ्या दिवशी यायचंच होतं. पण समुद्र खवळला. आठ दिवस कुणाला होडी काढता आली नाही. नवव्या दिवशी आलो तेव्हा इथे कुणी नव्हतं."

आठ दिवस. त्या आठ दिवसांत आई खिडकीशी बसून दिमुनकडे बघत होती. टोपी कधी होती, कधी नव्हती. एल्स्पा शाळेत जात होती. त्या फेरीत आलेल्या मेंढ्या कापल्या गेल्या, हिश्शाचं मांस घरी आलं, फळ्यांच्या कोठीत वाऱ्यावर टांगलं, आणि नाताळात त्यांनी ते खाल्लं.

"मेंढ्या टाकून द्यायच्या होत्या," ती म्हणाली. "होड्या हलक्या झाल्या असत्या. थांबता आलं असतं."

"हो," मिच्याल म्हणाला. "तेवढी एकच गोष्ट करता आली असती."

धुकं विरळ झालं. ते उठले. दगड तिथेच गवतात राहिला. तिला त्याची आठवण झाली ती घरी आल्यावर. होडीत तिच्याशी कुणी बोललं नाही. मिच्यालने काय सांगितलं ते कुणाला माहीत नव्हतं, पण रास नाही हे तिने पाहिलं आहे, एवढं सगळ्यांना कळत होतं.

ती आठवडाभर घराबाहेर पडली नाही. हानुसची कबर देवळामागेच होती. तिथे ती त्यानंतर कधीच गेली नाही. तण माजलं, तेव्हा शेजाऱ्यांनी काढलं.

मग ती पाद्र्याकडे गेली. तरुण माणूस, दुसऱ्या बेटावरून आलेला. तिने सांगितलं, "फळीवरचे दोन शब्द खोडायचे आहेत. 'शोध घेऊनही'. शोध घेतला नाही. बाकी राहू दे."

पाद्र्याने देवळाच्या मंडळाची बैठक बोलावली. अर्धं गाव आलं. एल्स्पाने उभं राहून सगळं सांगितलं, एकही शब्द न वाढवता. मग सगळ्यांनी मिच्यालकडे पाहिलं. तो पुढच्या बाकावर बसला होता, शेजारी त्याचा मुलगा, त्याच्या मागे नातू. तिघेही दिमुनचे हिस्सेदार.

मिच्याल उठला. "एल्स्पावर माझी माया आहे," तो म्हणाला. "तिच्या बापाबरोबर मी दोराला होतो. पण मी असं काही बोललो नाही. दगडांचं सांगितलं, ते खरं. त्यावर तिला धक्का बसला. वर ढग होता. ढगात माणसाला काहीही ऐकू येतं."

"मिच्यालकाका," ती म्हणाली, "माझ्याकडे बघून बोला."

तो पाद्र्याकडे बघून म्हणाला, "अंधार पडेपर्यंत शोधलं होतं."

"अंधार नव्हता!" एल्स्पाचा आवाज फाटला. "होड्या धक्क्याला लागल्या तेव्हा उजेड होता. मला मेंढ्यांचे डोळे दिसत होते. अंधार पडेपर्यंत शोधलं असतं तर परत यायला रात्र झाली असती!"

"तू दहा वर्षांची होतीस गं," मागून एक बाई हळुवारपणे म्हणाली. हळुवारपणे म्हणाली, हेच वाईट होतं.

मंडळाने ठरवलं की फळी जुनी आहे, तशीच असावी. पाद्र्याने तिचा हात हातात घेऊन प्रार्थना केली. तिने हात काढून घेतला नाही, कारण तो बिचारा रडकुंडीला आला होता.

दोन वर्षांनी मिच्याल वारला. घरोघरी दिवे खिडकीत ठेवले गेले. एल्स्पाच्या खिडकीत नव्हता. गावाने ते मनात ठेवलं. म्हणायला लागले, चाळीस वर्षं सगळ्यांनी तिचं मन जपलं, त्याचे हे पांग फेडले. दुकानात तिच्याशी हवामानाचं बोलायचे, तेवढंच. बाकी बायकांनी लोकर विणायला बोलावणं बंद केलं, म्हणजे कुणी बंद केलं असं नाही, ते आपसूक बंद झालं.

रान्वा तेवढी येत राहिली. एका रविवारी तिने रुबार्बचा मुरंबा आणला होता. दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाहेर ऊन होतं, दिमुनवर टोपी होती, आणि अंगणात दोन परके कॅमेरा लावून उभे होते.

"मावशी," रान्वा म्हणाली. तिने चमचा बशीत ठेवला, पुन्हा उचलला. "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"मिच्याल खरंच तसं बोलला का? म्हणजे तू खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी. पण तू दमली होतीस. राशीचं नुकतंच कळलं होतं. कुणालाही..."

एल्स्पाने तिच्याकडे पाहिलं. या मुलीला तिने अंगाखांद्यावर वाढवलं होतं. तिला वाटलं, पुन्हा सांगावं, सुरुवातीपासून, पक्ष्याचं, आठ दिवसांचं. मग तिच्या लक्षात आलं की ती स्वतःच मिच्यालचा आवाज आठवायला बघतेय, आणि शब्द सगळे आठवताहेत, पण आवाज येत नाही.

"कॉफी थंड होतेय," ती म्हणाली. "पी."

रान्वाने कॉफी प्यायली. जाताना नेहमीसारखा गालाला गाल लावला आणि म्हणाली, पुढच्या रविवारी येते. एल्स्पाने कप धुतले, पुसून फळीवर ठेवले, आणि बाहेरच्या त्या दोघांना हाताने खूण केली, की झालं, आता जा.